लाल बत्ती लागली म्हणून डायनमो बदलू नका!

२०१९ च्या डिसेंबरातली गोष्ट. चादरी व टॉवेलच्या नमुन्यांचे दोन गठ्ठे मागच्या सीटवर टाकून मी सोलापूरहून विजापूरला निघालो होतो. गाडी मरहूम वडिलांची, १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. मगरिबनंतर हेडलाइट लावले आणि समोरच्या पट्टीवरची चार्जिंगची लाल बत्ती मिणमिणू लागली. पूर्ण पेटली नव्हती. अगरबत्तीचे टोक दिसावे तेवढीच. हेडलाइट बंद केले की विझायची, लावले की पुन्हा दिसायची. टाकळीला भीमेचा पूल ओलांडताना तर मी रस्त्याकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त पाहत होतो. अल्हम्दुलिल्लाह, सुखरूप पोचलो.

परत आल्यावर गाडी एका गॅरेजात दिली. आधी डायनमो बदलला गेला, बिल ४,२०० रुपये. बत्ती तशीच. मग कटआऊट बदलला, १,७०० रुपये. बत्ती तशीच. शेवटी "बॅटरीच कमजोर आहे" असे ठरले आणि ५,१०० ची नवी बॅटरी बसली. दोन महिन्यांत ११,००० रुपये गेले आणि बत्ती मिणमिणतच होती. नंतर सत्तरी ओलांडलेल्या एका वायरमन चाचांकडे गाडी नेली. त्यांनी अर्धा तास मीटर लावून पाहिले, चावीच्या स्विचकडे जाणाऱ्या जाड वायरीचे जळके थिंबल कापले, नवे बसवून झाळ दिली आणि १८० रुपये घेतले. बत्ती गेली ती आजतागायत आली नाही.

हा किस्सा केवळ रडगाणे म्हणून सांगत नाही. आपल्या वाचकांत मोटार मिस्त्री आहेत, वायरमन आहेत, जुन्या गाडीचे मालकही आहेत. ही बत्ती नेमके काय सांगते हे माहीत नसल्यामुळे दोन्ही बाजूंचे नुकसान होते. गिऱ्हाईकाचा पैसा जातो आणि कारागिराचे नाव जाते.

आपल्या गावाचा या गाडीशी संबंध आहे, तोही सांगून टाकतो. पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केली आणि वालचंदशेठ सोलापूरचे. जन्म १८८२ चा, इथलाच. कारखाना कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट ११०० वरून घेतलेली ही गाडी सत्तरीच्या दशकात पद्मिनी झाली, पण आपल्याकडे लोक तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली. अँबेसेडर तर २०१४ सालीच बंद पडली. म्हणजे कंपनीचा माणूस आता कुठेच नाही. जे काही ज्ञान उरले आहे ते चाचांसारख्या लोकांच्या बोटांत.

बत्ती म्हणजे तराजू

बहुतेकांचा समज असा की लाल बत्ती म्हणजे डायनमो खराब. चाचांनी मला हाच गैरसमज आधी काढायला लावला. या दिव्याची एक तार बॅटरीच्या बाजूला, चावीच्या स्विचमधून येते. दुसरी तार डायनमोच्या बाजूला जाते. चावी फिरवली आणि इंजिन बंद आहे, तेव्हा बॅटरीकडे बारा व्होल्ट आणि डायनमोकडे शून्य. म्हणून वीज दिव्यातून डायनमोकडे वाहते आणि दिवा पेटतो. इंजिन सुरू झाले, डायनमो फिरून तेवढेच व्होल्ट देऊ लागला, की दोन्ही बाजू बरोबरीला येतात. वाहायला कारणच उरत नाही, दिवा विझतो.

म्हणजे हा दिवा तराजूचा काटा आहे. दोन पारडी समान तर काटा मधे, दिवा बंद. एक पारडे जड झाले की दिवा लागला. पण कोणते पारडे जड झाले आणि कशामुळे, हे काटा सांगत नाही. डायनमो कमी देत असेल तरी तो लागेल. डायनमो भरपूर देतो आहे पण मधल्या वायरीत वीज अडते आहे, तरीही लागेल. माझ्या गाडीत हेच झाले होते. डायनमोच्या बाजूला चौदा व्होल्ट होते. दुसऱ्या बाजूला जळक्या थिंबलमुळे हेडलाइटचा भार पडला की जेमतेम पावणेतेरा उरत होते. सव्वा व्होल्टच्या त्या फरकावर बत्ती मिणमिणत होती. निर्दोष डायनमो मी काढून ठेवला आणि गुन्हेगार थिंबल दोन महिने गाडीतच फिरत होते.

लूमवाल्यांना हे लगेच कळेल. बाणा तुटला की काटा पडतो आणि लूम थांबते. तेव्हा कोणी मोटर बदलत नाही, तुटलेला धागा शोधतो.

आधी डोळा, मग मीटर

पाना हातात घेण्याआधी बत्ती कशी वागते ते पाहावे. निम्मे निदान तिथेच होते.

चावी फिरवली, इंजिन बंद, तरी बत्ती लागलीच नाही? मग दिवा उडाला आहे, त्याची तार सुटली आहे, किंवा बॅटरीच मेली आहे. हे लोक चांगले लक्षण समजतात, पण तसे नाही. डायनमोच्या गाडीत दिवा उडाला तरी चार्जिंग चालू राहते, फक्त इशारा मिळत नाही. ज्या गाड्यांत पुढे अल्टरनेटर आला, त्यातल्या पुष्कळांत या दिव्यातून जाणारी थोडीशी वीजच अल्टरनेटरला पहिल्यांदा जागे करते. दिवा उडाला तर चार्जिंगच सुरू होत नाही. हल्ली पोरे हौसेने त्या जागी एलईडी बसवतात. एलईडी फारच कमी वीज जाऊ देतो, अल्टरनेटर झोपलेला राहतो आणि बिचाऱ्या अल्टरनेटरवर आळ येतो. तिथे दोन-तीन वॅटचा जुना तारेचा दिवाच हवा.

इंजिन संथ चालताना बत्ती लुकलुकते आणि ॲक्सिलेटर दिला की विझते? डायनमोच्या गाडीत हे बरेचसे स्वाभाविक आहे, कारण कमी फेऱ्यांवर डायनमो पुरेसे देत नाही. पूर्वी होत नव्हते आणि आता होते आहे, तर फॅन बेल्ट पाहावा. दोन पुल्यांमधल्या लांब भागावर अंगठ्याने दाबल्यास अर्धा इंच दबावा. त्याहून जास्त दबला तर बेल्ट घसरतो. बेल्ट ठीक असेल तर कार्बन ब्रश झिजलेत का आणि कम्युटेटरवर काजळी आहे का ते पाहावे. बारीक पॉलिश पेपरने कम्युटेटर पुसून, नवे कार्बन बसवून अनेक 'मेलेले' डायनमो उठून बसतात.

ॲक्सिलेटर दिला की बत्ती उलट वाढते? मग डायनमो काम करतो आहे. तो जितके जास्त देतो तितका फरक वाढतो, म्हणजे वीज पुढे पोचत नाही. कटआऊटचे पॉइंट, वायरीचे सांधे, थिंबल यांत शोधा. बत्ती फक्त हेडलाइट किंवा वायपर लावल्यावर दिसते, हा प्रकारही त्याच घरातला.

वेगात चालताना बत्ती एकदम झळाळून लागली, तर गाडी बाजूला घ्या. बेल्ट तुटला असण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि पुष्कळ गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही चालतो. तसेच पुढे दामटले तर इंजिन तापून हेडचे काम निघते.

आणि चावी काढल्यावरही बत्ती राहिली, तर त्याच क्षणी बॅटरीचे टर्मिनल काढा. डायनमोच्या गाडीत कटआऊटचे पॉइंट चिकटले आहेत असे समजावे. बॅटरी उलटी डायनमोत रिकामी होते आहे, वायरी तापून आग लागू शकते. अल्टरनेटर असेल तर त्यातला डायोड गेला आहे. हे काम उद्यावर टाकू नये.

आता मीटर. चारशे-पाचशे रुपयांचा साधा मल्टीमीटर पुरे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. बारावर आली तर ती जवळपास रिकामी आहे. इंजिन बऱ्यापैकी वेगात ठेवल्यावर तीच बॅटरी पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान दाखवायला हवी. साडेबाराच राहिली तर चार्जिंग पोचत नाही. पंधराच्या वर गेली तर कटआऊटमधला रेग्युलेटर बिघडला आहे, बॅटरीचे पाणी उकळून जाईल.

इथपर्यंत पुष्कळ जण करतात. पुढची पायरी फार थोडे करतात आणि माझे ११,००० रुपये त्याच पायरीत वाचले असते. इंजिन चालू ठेवा, हेडलाइट लावा. मीटरची एक सुई डायनमोच्या मुख्य खुंटीवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर. इथे मीटर जे दाखवील ते वाटेत हरवलेले व्होल्ट. अर्ध्याहून कमी असतील तर ठीक. मग बॅटरीच्या प्लसपासून स्विचच्या आत येणाऱ्या वायरीपर्यंत, तिथून स्विचच्या बाहेर निघणाऱ्या वायरीपर्यंत, असे एकेक टप्प्याने पुढे जा. पुण्याहून रक्कम पूर्ण निघाली आणि सोलापुरात कमी पोचली, तर आपण मधल्या प्रत्येक हाताचा हिशोब विचारतो ना, तसेच. माझ्या गाडीत सगळे टप्पे दहा-वीस पैशांचा, म्हणजे ०.१ किंवा ०.२ व्होल्टचा, हिशोब देत होते. एकाच टप्प्यावर सव्वा व्होल्ट गायब. चाचांनी तिथे बोट लावले आणि म्हणाले, "हात लावून पाहा शेठ, गरम आहे." खरेच चटका बसला.

मायनसची बाजूही विसरू नये. बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी अशा पट्ट्या असतात. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत त्यांच्या नटाखाली गंज आणि रंग हमखास असतो. इंजिन रबरावर बसलेले असते. पट्टी सैल झाली तर विजेला परतायला रस्ता उरत नाही, आणि मग बत्त्या अशा चक्रम वागतात की माणसाला जादूटोण्याचा संशय यावा. इंडिकेटर लावला की तेलाचा दिवा लुकलुकतो, ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा हलतो, असले प्रकार दिसले तर आधी पट्ट्या सोडून, घासून, घट्ट कराव्यात. त्यात फक्त मेहनत आहे, खर्च नाही.

अँबेसेडरवाल्यांसाठी एक फायद्याची गोष्ट. तिची वायरिंग ब्रिटिश लुकास पद्धतीची आहे आणि त्यात रंगांना अर्थ आहे. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी म्हणजे चावीनंतरची, हिरवी म्हणजे फ्यूजनंतरची, काळी म्हणजे अर्थ. कोणी मधे मनाने वायरी जोडल्या नसतील तर एवढ्यावर निम्मी गाडी वाचता येते. पण मनाने जोडलेल्या असतातच! हॉर्नसाठी एक, टेपसाठी एक, लग्नात लावलेल्या रोषणाईसाठी एक. पुरानी गाडी घेतल्यावर पहिला एक दिवस अशा लावारिस वायरी काढण्यात घालवावा.

तेलाचा दिवा

चार्जिंगची बत्ती लागली तर दिवसा, दिवे-वायपर बंद ठेवून, बेल्ट शाबूत असेल तर घरापर्यंत येता येते. तेलाच्या बत्तीला ही सवलत नाही. इंजिनवर एक छोटा स्विच असतो. तेलाचा दाब नसला की तो तार बॉडीला जोडतो आणि दिवा लागतो, दाब आला की सोडतो. चालत्या गाडीत ही बत्ती लागली की इंजिन बंद करावे, मग विचार करावा. विचार करीत चालवू नये. बेअरिंग धरायला फार वेळ लागत नाही.

आधी डिपस्टिक पाहावी. तेल कमी असेल तर प्रश्न संपला, गळती कुठे ते शोधावे. तेल पुरेसे असेल तर चावी लावून, इंजिन बंद ठेवून, त्या स्विचची तार काढावी. तरीही दिवा लागलेलाच राहिला तर तार कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. तार काढल्यावर विझला तर तार निर्दोष आहे, आणि स्विच खोटा बोलतो की दाब खरेच नाही हे ठरवायचे राहते. त्यासाठी स्विचच्या जागी दाबाचे घड्याळ लावून मोजावे. "स्विचच खराब असेल, बदलून पाहू" म्हणून गाडी रस्त्यावर काढणे हा जुगार आहे, आणि डावावर पूर्ण इंजिन आहे.

या दिव्याच्या बाबतीत बाजारात एक वाईट गोष्ट चालते. इंजिन झिजले, गरम झाल्यावर दाब पडू लागला, की विकणारा या दिव्याची तारच काढून ठेवतो. घेणाऱ्याला वाटते, वा, एकही बत्ती लागत नाही! प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओले धान्य निघाले, ती हदीस आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. वर कोरडे, खाली ओले. तार काढलेली बत्ती म्हणजे तेच ओले धान्य. म्हणून जुनी गाडी पाहायला गेलात तर इंजिन सुरू करण्याआधी चावी अर्धी फिरवा. चार्जिंगची आणि तेलाची, दोन्ही बत्त्या लागल्याच पाहिजेत. लागल्या नाहीत तर कारण विचारा, आणि उत्तर ऐकताना विकणाऱ्याचा चेहरा पाहा.

पेट्रोलच्या बत्तीवर मी जास्त लिहीत नाही. टाकीतला फ्लोट अडकतो किंवा त्याचे अर्थिंग जाते, एवढेच बहुधा असते. प्रवासात मी तिच्यापेक्षा किलोमीटरच्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवतो.

शोधण्याची मजुरी

आता माझ्या ११,००० रुपयांकडे परत येतो. दोष फक्त त्या गॅरेजचा होता का? मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडे गिऱ्हाईक पार्टचे पैसे देते, शोधण्याचे देत नाही. वायरमनने दोन तास मीटर घेऊन गाडीखाली घालवले आणि "एक नट सैल होता, चारशे रुपये द्या" म्हटले, तर आपण भांडतो. "नट आवळायचे चारशे?" त्याच माणसाने डायनमो बदलून चार हजारांचे बिल दिले तर आपण मुकाट्याने खिशात हात घालतो, कारण हातात वस्तू मिळाली. मग तो शोधील कशाला? मी स्वतः व्यापारी आहे. कापडातला दोष पाहायला बसवलेल्या माणसाला मी पगार देतो, तो एक वारही कापड विणत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र हा हिशोब मला सुचला नव्हता.

कारागीर बांधवांना माझी विनंती अशी की तपासणीची मजुरी आधीच सांगावी आणि वेगळी लावावी. "दोनशे रुपये शोधण्याचे, दोष सापडल्यावर दुरुस्तीचे वेगळे" असे स्पष्ट बोलावे. सुरुवातीला चार गिऱ्हाईके कुरकुर करतील. आणि काढलेला जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात परत द्यावा, तो त्याची अमानत आहे.

यात धंदाही आहे. पंधरा वर्षांनंतर गाडीची फेरनोंदणी करावी लागते. तिची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये १०,००० झाली. त्यामुळे आज जो जुनी गाडी ठेवतो, तो हौसेने ठेवतो आणि नीट कामासाठी पैसे मोजतो. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात हवी, मोठे बदल केलेले चालत नाहीत. रोजच्या वापरासाठी मात्र ती नोंदणी नाही. अशा मालकांना डायनमो काढून अल्टरनेटर ठोकणारा मिस्त्री नको असतो, आहे तो डायनमो चालवून देणारा हवा असतो. तसे हात सोलापुरात आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. नव्या पोरांना कॉम्प्युटर लावून कोड वाचता येतो, पण पद्मिनीला कॉम्प्युटर लावायला जागाच नाही.

चाचांकडे सध्या दोन शागिर्द आहेत. त्यातला धाकटा मध्यंतरी दुकानात आला होता. माझा काढलेला जुना डायनमो गोडाऊनच्या फळीवर पडून होता, तो त्याने मागितला. पंढरपूरच्या एका फियाटला हवा होता. त्याने तिथेच बॅटरीच्या दोन तारा लावल्या, डायनमो मोटरसारखा गुरगुर फिरू लागला. पोरगा हसला. मी काही बोललो नाही, डायनमो त्याला पैसे न घेता दिला.